गावची शाळा आणि सादिलवार खर्च

मराठी दप्तरांत 'सादिलवार' असा एक जुना शब्द आढळतो. पगार, बांधकाम, तनखे अशा ठळक बाबींत जो मावत नाही, पण ज्यावाचून कारभार एक दिवसही चालत नाही, असा किरकोळ खर्च म्हणजे सादिलवार. पेशवाई गेली, लोकलफंड आला, लोकलफंडाचे लोकल बोर्ड झाले, बोर्डाची जिल्हा परिषद झाली. परंतु हा शब्द मात्र टिकून राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी आजही 'सादिल' केव्हा येणार याची चौकशी करतात. खडू, फळ्याचा रंग, हजेरीपट, बसावयास पट्ट्या, पिण्याच्या पाण्याची सोय, पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे आणि अलीकडे विजेचे बिल, एवढाच त्याचा पसारा. राज्यकर्त्यांच्या भाषणांत या बाबीचा उल्लेख सहसा येत नाही. परंतु खेड्यातील मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर शाळा म्हणून जे डोळ्यांना दिसते त्यातील गुरुजी सोडून बाकीचे बहुतेक सारे या एका बाबीत सामावलेले असते.

हा खर्च कोणी द्यावयाचा, कोणाच्या सहीने करावयाचा आणि तो योग्य झाला की नाही हे कोणी पाहावयाचे, या तीन प्रश्नांभोवती आपल्या देशातील ग्रामीण शिक्षणाचा पाऊणदोनशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे. हा इतिहास पाहण्यास दिल्लीच्या आसपासच्या प्रदेशाइतके सोयीचे ठिकाण नाही. नरेला, नजफगड, मेहरौली यांच्या परिसरातील एकच खेडे आपल्या जागेवरून न हलता एका शतकात चार निरनिराळ्या कारभारांखाली गेले, आणि प्रत्येक कारभाराने त्याच्या शाळेचा जमाखर्च नव्या वहीत मांडला.

आरंभ झाला तो वायव्य प्रांतात. १८४३ ते १८५३ या काळात जेम्स टॉमसन हे या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. १८५० साली त्यांनी आठ जिल्ह्यांत तहसिली शाळा काढल्या; परंतु तहसिलीच्या गावातील एका शाळेचा उपयोग चारसहा कोसांवरच्या शेतकऱ्याच्या मुलाला कितीसा होणार? तेव्हा मथुरा जिल्ह्याचे कलेक्टर अलेक्झांडर यांनी शेजारशेजारच्या काही गावांचा एक 'हलका' बांधून, त्या सर्वांना साधारणपणे कोसभराच्या अंतरावर पडेल अशा मध्यवर्ती गावी शाळा काढण्याची पद्धत सुरू केली. या हलकाबंदी शाळांचा खर्च जमीनदारांनी आपल्या साऱ्याच्या शेकडा एक या प्रमाणात द्यावा, असे ठरले. आरंभी ही देणगी स्वेच्छेची होती; पुढे ती साऱ्याबरोबरच वसूल होणारी पट्टी झाली. त्या वेळी दिल्ली, गुडगाव, रोहतक हे जिल्हेही वायव्य प्रांतातच मोडत होते. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली, हा सारा मुलूख पंजाबला जोडण्यात आला. पण पंजाबातही तोवर हीच शेकडा एकाची पट्टी बसू लागली होती. तेथील पहिले शिक्षणाधिकारी विल्यम आर्नल्ड यांनी तिच्याच आधारावर खेड्यांतील शाळा उभ्या केल्या होत्या. सरकार बदलले, पण शेतकऱ्याच्या साऱ्यावर शिक्षणाची पट्टी ही रीत कायम राहिली.

मुंबई इलाख्यात हीच गोष्ट थोड्या निराळ्या वाटेने घडली. तेथे साऱ्याच्या रुपयामागे एक आणा असा लोकलफंड १८६० नंतरच्या काही वर्षांत सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के स्वरूप आले. त्या आण्यातील दोन हिस्से रस्ते व इतर सार्वजनिक कामांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे, अशी वाटणी होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा सारा बारा रुपये, तो सरकारला बारा रुपये देऊन वर बारा आणे लोकलफंडाचे देई, आणि त्यांतील चार आणे शाळेच्या खात्यात पडत. महाराष्ट्रातील जिरायती गावांची गरिबी लक्षात घेता हे चार आणे त्याला जड होते.

म्हणूनच हा पैसा कोठे जातो हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. पट्टी देणारा खेड्यात, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यातून चालणारी चांगली शाळा मात्र कसब्याच्या किंवा शहराच्या गावी, असा प्रकार होऊ लागला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी याच वर्मावर बोट ठेवले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. आयोगाने या तक्रारीचा निदान हिशेबापुरता विचार केला. खेड्यांचा शाळाफंड व शहरांचा शाळाफंड वेगवेगळे ठेवावेत, एकाचा पैसा दुसऱ्याकडे जाऊ नये, आणि प्रांतिक सरकारने स्थानिक उत्पन्नाच्या निम्मी किंवा एकूण खर्चाच्या एक तृतीयांश एवढी मदत द्यावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला होता. त्यास अनुसरून १८८३ साली पंजाबात जिल्हा बोर्डांचा कायदा झाला, आणि १८८४ साली मुंबईत लोकल बोर्डांचा. दिल्ली आणि गुडगाव येथील शाळा आता जिल्हा बोर्डाच्या झाल्या. मात्र बोर्डाच्या अध्यक्षपदी बसत तो डेप्युटी कमिशनरच.

या बोर्डांचा नित्याचा कारभार कसा चाले, हे समजून घेतले म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बोर्डाचे उत्पन्न साऱ्याबरोबर येई. सारा हप्त्यांनी, पिके हाती आल्यावर जमा होई. आणि शिक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावयाचा. म्हणजे जमा हंगामी आणि खर्च बारमाही. दुसरे असे की, साऱ्याची आकारणी एकदा झाली की पुष्कळ प्रांतांत ती तीस वर्षे बदलत नसे. सारा स्थिर म्हणून त्यावरची पट्टी स्थिर. पण मुले वाढत, गावे शाळा मागत, वस्तूंचे भाव चढत. शिवाय दुष्काळ पडून साऱ्याला तहकुबी किंवा सूट मिळाली, म्हणजे शाळाफंडही आटत असे. शेतकऱ्याला दिलासा द्यावयाचा तर त्याच्या मुलाच्या शाळेच्या पोटाला चिमटा बसणार, अशी ही विचित्र सांगड होती.

अशा स्थितीत बोर्डाचे चिटणीस अंदाजपत्रक मांडावयास बसत, तेव्हा हात आखडावयाचा कोठे हे जवळजवळ ठरलेलेच असे. पगार कमी करता येत नाहीत. केले तर चांगला शिक्षक निघून जातो. भाड्याच्या जागेचे भाडे टळत नाही. उरली सादिलवार आणि दुरुस्ती. तेवढ्यावर लेखणी फिरवली की जमाखर्चाची तोंडमिळवणी होई. एका शाळेमागे कापलेली रक्कम अगदी किरकोळ दिसे. परंतु ती रक्कम म्हणजेच त्या शाळेचा वर्षभराचा खडू आणि तिच्या छपराची शाकारणी असे. पुढे तपासणीस आलेले डेप्युटी इन्स्पेक्टर फळा झिजला आहे, भिंत ओलसर आहे, असा शेरा लिहीत. शेरा बोर्डाकडे जाई, आणि बोर्ड शिल्लक नाही असे उत्तर देई. हे सर्व नियमाला धरूनच चाले. गैरव्यवहार एका पैचाही न होता शाळा मोडकळीस येऊ शकते, ही गोष्ट या जुन्या अहवालांवरून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशावरून होत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न नामदार गोखल्यांनी केला. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांच्या मुद्देसूद बुद्धीला खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही हे स्पष्ट दिसत होते; म्हणून एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने सोसावेत, अशी वाटणी त्यांनी सुचविली. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी दिल्लीच्या दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांच्या देणगीची घोषणा बादशहांच्या नावे झाली. दरबारातील घोषणेचे स्वागत झाले. विधेयक मात्र १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. दोन्हींमधील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. गोखल्यांना हवी होती ती कायद्याने ठरलेली वाटणी, म्हणजे दरवर्षी हक्काने मागता येईल अशी रक्कम. गावच्या शाळेला उत्सवाच्या दिवशी मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा वर्षाच्या ठरल्या दिवशी मिळणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते, हे त्यांनी ओळखले होते.

याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याचे जाहीर झाले, आणि दिल्लीच्या खेड्यांचे भवितव्य पुन्हा बदलले. १ ऑक्टोबर १९१२ रोजी दिल्ली हा निराळा प्रांत झाला. जुन्या दिल्ली जिल्ह्यातील सोनीपत तहसील रोहतकला आणि बल्लभगड तहसिलीचा बहुतेक भाग गुडगावला गेला. १९१५ साली यमुनेपलीकडची ६५ गावे संयुक्त प्रांतातून दिल्लीत आली. नव्या राजधानीचे भव्य आराखडे कागदावर उतरत असताना तिच्या भोवतालच्या खेड्यांतील शाळा मात्र एका लहानशा जिल्हा बोर्डाच्या स्वाधीन होत्या.

शेजारच्या गुडगावात या काळात एक उल्लेखनीय प्रयोग झाला. १९२० ते १९२८ या काळात तेथे डेप्युटी कमिशनर असलेले एफ. एल. ब्रेन यांनी ग्रामसुधारणेची मोठी मोहीम चालविली. खताचे खड्डे, घरांना खिडक्या, मुलींचे शिक्षण, रहाटगाडगे अशा अनेक गोष्टींचा त्यांनी प्रसार केला. गुडगावात ग्रामीण अर्थव्यवस्थेची शाळा काढून तीत त्यांनी शिक्षकांना तयार केले. जिल्ह्याची सत्ता एकाच उत्साही अधिकाऱ्याच्या हाती असल्यामुळे मंजुरीला वेळ लागला नाही. परंतु ते बदलून गेल्यावर त्यांतील पुष्कळ उपक्रम मावळले, असे नंतरच्या निरीक्षकांनी नमूद केले आहे. अधिकाऱ्याच्या उत्साहातून झालेला खर्च अधिकाऱ्याबरोबर जातो. जो खर्च टिकावयाचा, त्याला गावाची मागणी आणि अंदाजपत्रकातील कायमची जागा या दोहोंचा आधार लागतो.

उलट बाजूचा अनुभव मुंबई इलाख्यात आला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा ताबा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. सत्ता लोकांच्या प्रतिनिधींकडे आली. पण शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या हे गावोगावच्या राजकारणाचे साधन बनल्याची ओरडही त्याबरोबर सुरू झाली. १९२९ साली हार्टोग समितीने, स्थानिक संस्थांकडे अधिकार फार लवकर आणि फार सढळपणे सोपविले गेले, असा ठपका ठेवला. पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा स्कूल बोर्डाकडे ठेवला, परंतु मुख्य कारभारी म्हणून सरकारने नेमलेला अधिकारी बसविला. बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ च्या सुमारास राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या याच संबंधांचा देशभर आढावा घेतला.

आणि मग पाच वर्षांच्या आत शेजारच्या प्रदेशांनी एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. पंजाब सरकारने १ ऑक्टोबर १९५७ रोजी जिल्हा बोर्डांच्या व नगरपालिकांच्या शाळा आपल्या ताब्यात घेतल्या. गुडगावातील शाळा, जी आदल्या दिवशी बोर्डाची होती, ती सरकारी झाली. दिल्लीत ७ एप्रिल १९५८ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि जिल्हा बोर्ड तीत विलीन झाले. नरेल्याची प्राथमिक शाळा चांदणी चौकातील शाळेच्या बरोबरीने एकाच अंदाजपत्रकात आली. महाराष्ट्राने १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापून शाळा पुन्हा लोकनियुक्त मंडळाच्या हाती दिल्या. मेरठच्या बाजूस उत्तर प्रदेशात आणखी काही वर्षे जिल्हा परिषदांनी शाळा चालविल्या, आणि १९७२ च्या कायद्याने त्या राज्याच्या बेसिक शिक्षा परिषदेकडे गेल्या.

यांतील कोणता मार्ग बरा? शिक्षकाच्या बाजूने विचार केला तर सरकारी ताब्याचा लाभ उघड होता. पगार खात्रीचा झाला, बोर्डाच्या तिजोरीकडे डोळे लावून बसावयास नको झाले. तरीही पंजाबात जुन्या सरकारी शाळांतील शिक्षक आणि नव्याने सामावलेले बोर्डाचे शिक्षक असे दोन वर्ग राहिले. त्यांतील भेदाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६२-६३ च्या सुमारास न्यायालयाने दोन वर्ग ठेवणे घटनेविरुद्ध नाही असा निर्णय दिला. महाराष्ट्रात पगाराचे अनुदान राज्य सरकारकडून आल्यामुळे ती चिंता जिल्हा परिषदेच्या डोक्यावरून गेली. परंतु सादिलवार खर्चाची अडचण मात्र एकाही मार्गाने पुरती सुटली नाही. उलट एक नवे अंतर वाढले. पूर्वी बोर्ड दरिद्री असले तरी त्याची कचेरी जिल्ह्याच्या गावी असे. आता मंजुरी देणारा त्याहून दूर गेला.

या विषयाचा सर्वांत चिकाटीने अभ्यास करणारा माणूस महाराष्ट्रातूनच दिल्लीत आला होता. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीस १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक यांनी मुंबई इलाख्यातील लोकलफंडाच्या शिक्षणपट्टीचा इतिहास लिहिला होता. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-चिटणीस म्हणून त्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा तयार करण्यात प्रमुख वाटा उचलला. आयोगाची राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा सहा शिक्षणावर खर्चण्याची शिफारस सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र जिल्हा स्कूल बोर्ड असावे, अशीही त्याची एक शिफारस होती. ती मागे पडली. रक्कम किती ही चर्चा झाली; ती कोणाच्या हातून खर्च व्हावी ही चर्चा राहून गेली.

पुढे सर्वशिक्षा अभियानात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट घडली. प्राथमिक शाळेस वर्षाला ५००० रुपये, वरच्या प्राथमिक शाळेस ७००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकास साहित्यासाठी ५०० रुपये, अशी रक्कम थेट शाळेच्या नावे येऊ लागली. ती खर्चण्याचा अधिकार गावच्या समितीला होता. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरविले आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम केले. हलकाबंदीच्या काळात पट्टी देणाऱ्यास जी विचारणा करता येत नव्हती, ती करण्याचा हक्क दीडशे वर्षांनी कायद्याने त्याच्या हाती आला. २०१८ नंतर निरनिराळी अनुदाने एकत्र करून पटसंख्येप्रमाणे एकच शाळा अनुदान देण्याची पद्धत आली. पैसा वर्षाच्या आरंभी न येता मार्चच्या तोंडावर आला, तर खडूऐवजी पावत्यांची धावपळ होते, ही तक्रार मात्र जुनीच आहे.

मंजुरीचे महत्त्व किती असते, याचा दाखला पुन्हा दिल्लीनेच दिला. २०१२ साली तिथल्या महानगरपालिकेचे तीन भाग झाले आणि २०२२ साली ते पुन्हा एक करण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक झाली. परंतु स्थायी समिती काही स्थापन होईना. पाच कोटींच्या वरच्या करारास या समितीची मान्यता लागत असे. परिणाम असा झाला की, २०२४ चे शालेय वर्ष सुरू झाले तरी महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांपर्यंत पुस्तके व वह्या पोचल्या नाहीत, आणि ज्यांची बँकेत खाती नव्हती त्यांना गणवेशाची रक्कमही मिळाली नाही. अखेर २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, आयुक्तांनी पाच कोटींच्या मर्यादेची अडचण पुढे न करता ही जबाबदारी तत्काळ पार पाडावी. स्थायी समिती २०२५ साली अस्तित्वात आली. येथे प्रश्न पैशाच्या तुटवड्याचा नव्हता. कर गोळा झालेला होता, मुले वर्गात बसलेली होती, शिक्षकही हजर होते. नव्हती ती एक सही.

मथुरेच्या हलकाबंदीपासून दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पट्टी कोण देतो हा प्रश्न आपण पुष्कळसा सोडविला. आज गावच्या शाळेचा भार एकट्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर नाही. हिशेब कोण पाहतो याचेही उत्तर कायद्यात आले आहे. परंतु लहान खर्चाचा निर्णय लहान ठिकाणी, वेळेवर आणि हक्काने व्हावा, ही तिसरी गोष्ट अजून अपुरी आहे. ती पुरी करण्यास नवा आयोग लागत नाही. गावातील पालकांनी व्यवस्थापन समितीच्या सभेला जाऊन यंदा शाळेला किती रक्कम आली, ती कोणत्या तारखेस आली आणि कशावर खर्च झाली, एवढे तीन प्रश्न विचारले, आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घेतले, तरी आरंभ होईल. बोर्डाच्या जमान्यात शेरा लिहिणारा डेप्युटी वर्षातून एकदोनदा येत असे. गाव मात्र रोजच शाळेसमोरून जाते.